दोन कोयते

वाघदरा, ता. पाथर्डी
२८ सप्टेंबर २०२५

कल्याण,

अंगदनं किराणा बांधून आणला, त्या कागदात तुझा फोटो निघाला. तेलाच्या डागात अर्धा चेहरा गेलाय, पण कान आपल्या आबांचे, त्यामुळे लगेच ओळखलं. खाली छापलंय की तू सावेडीतली छत्तीस घरं एकमेकांना जोडलीस आणि आता तिथं परकं माणूस आलं की सगळ्यांना एकदम कळतं. तुझे दाजी म्हणाले, "छत्तीस जोडली, मंग आपलंच एक का न्हाई जोडलं?" मी त्यांना गप्प बसवलं आणि कागद पुसून ट्रंकेत ठेवला.

फोन करत नाही, कारण तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस. पत्र निदान हातात धरून बसशील. आई-आबा उसाला गेले की सहा महिने आपण दोघंच असायचो आणि मी तुझा हात धरून त्यांना कार्ड लिहून घ्यायचे, तेव्हापासूनची ही सवय आहे.

यंदा आमची टोळी काष्टीच्या बाजूला आहे. मुकादमाला दोन कोयते कबूल केलेत. एक मी आणि दाजी, दुसरा पोरगा अंगद आणि सून रेश्मा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा, हे तुला काय सांगायचं. चौथीत नव्या मास्तरांनी विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. तू उभं राहून म्हणालास, "एक कोयता कारखान्यावर गेलाय, आन् अर्धा कोयता माज्याजवळ हाय." अर्धा म्हणजे मी. मास्तरांनी घाबरून तुझं दप्तर उपडं केलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी तू जेवला नाहीस.

पुढच्या साली तुलाही फडावर नेलं होतं. मुकादमानं उसाच्या टिपरानं तुला झोडपायला घेतलं तेव्हा मी मधे पडले. पाठीवरचा तो वळ अजून थंडीत ठणकतो. ठणकला की म्हणते, कल्याणनं आठवण काढली.

चार भाऊबीजा तू आला नाहीस. यंदा मीच येते. ट्रक ३० ऑक्टोबरला, गुरुवारी, नगरवरूनच जाणार आहे आणि मुकादम दोन तास थांबवतो म्हणालाय. भाऊबीज आठवडाभर उशिरा झाली तर काय बिघडतं. तुझं घर बघायचं, तुझ्या दारात तुला ओवाळायचं आणि निघायचं. मला दुसरं काही नको.

तुझी आक्का,
लंका

---

सहनिवास कॉलनी, सावेडी
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आक्का,

फोटोत डाग माझ्या पोटावर पडला असता तर जास्त बरं झालं असतं.

तू विचारलं नाहीस, तरी काय केलंय ते सांगतो. आमच्या कॉलनीत प्रत्येक फाटकाला एक बेल आहे. तिला डोळा आहे आणि कानही. ओळखीचे चेहरे ती लक्षात ठेवते. अनोळखी चेहरा दिसला की छत्तीस घरांत घंटा वाजते आणि सगळ्यांच्या मोबाईलवर चित्र येतं. बेलपाशी कोण काय बोललं तेही ती ऐकते. काही शब्द धोक्याचे म्हणून आधीच भरून ठेवलेत. त्यातला एखादा कानावर पडला की कुणाची वाट न बघता प्रत्येक घरातल्या आणि फाटकावरच्या स्पीकरमधून तो शब्द ओरडला जातो. आणि आलेला माणूस कुणाच्या माहितीतला असेल तर त्यानं मोबाईलवर एक हिरवं बटण दाबायचं. त्यावर लिहिलंय "ओळखीचे". कुणीही, कुठूनही, अगदी पुण्यात बसून दाबलं तरी छत्तीस घरं शांत होतात. या सगळ्याला मी 'शेजार' असं नाव दिलंय.

उपयोग होतो. ऑगस्टमध्ये एक भंगारवाला समोरच्या ओंकारच्या फाटकाशी घुटमळत होता. चार मिनिटांत बावीस माणसं जमली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, दोन दात पडले. त्याच्याकडे चोरीचं काही सापडलं नाही, पण तेव्हापासून कॉलनीत चोर फिरकलेला नाही. आमच्या कमिटीचे अध्यक्ष अमृतराव यांनी सभेत माझी पाठ थोपटली.

तीस तारखेचं मात्र जमणार नाही. मला त्या दिवशी पुण्यात मोठ्या बिल्डर लोकांना 'शेजार' दाखवायचंय. जया मुलीला घेऊन संगमनेरला माहेरी गेलेली असेल, घराला कुलूप असेल. शिवाय शहरातलं वातावरण बरं नाही. मध्यंतरी काही पोरांनी भर बाजारात कोयते नाचवले, तेव्हापासून लोक बिथरलेत. जानेवारीत मीच फडावर तुमच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत येतो.

आणखी एक. इथल्या लोकांना वाटतं, आपली पाथर्डीकडे मोठी बागायत आहे. मी तसं म्हणालो नव्हतो, पण नाहीही म्हणालो नाही. आता ते राहू दे.

तुझा,
कल्याण

---

वाघदरा
१९ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

तू लहानपणापासून असाच. सरळ "ये" म्हणायचं नाही, आडून सांगायचं. घराला कुलूप आहे, पण बेल मला पुण्यातही माणूस दाखवते, असं तू लिहिलंस. म्हणजे वाट दाखवलीस, कळलं मला. मी तुझ्या बेलला ओवाळीन. तू तिकडून बघ.

त्या हिरव्या बटणाचं दाजींना दोनदा वाचून दाखवलं. तू ते दाबलंस की छत्तीस घरांना एकदम कळेल, ही लंका, कल्याणची बहीण. मला घरोघर हिंडून सांगायला नको. बागायतीचं काय ते तुझं तू बघ. आम्ही दहा मिनिटं उभे राहणार, तेवढ्यात कोण सातबारा मागतंय.

कोयते ट्रकमध्येच ठेवायला सांगितलेत. सगळे हातानं मोकळे येऊ. माझ्याकडे फक्त सासूबाईंचं पितळी ताट असेल. रेश्मानं नवं लुगडं काढून ठेवलंय, मामांचं घर बघायचं म्हणून.

त्या भंगारवाल्याचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. काही सापडलं नाही म्हणतोस, मग मारलं कशाबद्दल? दाजींना ते वाचून दाखवलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला तुझ्या फाटकाशी असू.

लंका

---

सावेडी
१ नोव्हेंबर २०२५

आक्का,

हे पत्र काष्टीला मुकादमाच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुम्ही सगळे सुखरूप पोचला असाल.

मी गुरुवारी पुण्यातच होतो आणि तिथून काल परतलो. कॉलनीत काही गडबड झाली असं कानावर आलं. नेमकं काय झालं ते कुणी नीट सांगत नाही. गैरसमजातून थोडी मारहाण झाली म्हणतात. तुम्ही तिकडे आला होता का? की मुकादमानं ट्रक थांबवलाच नाही? नसाल आला तर उत्तमच.

आणि आला असाल, तर पोलिसांना किंवा कुणालाच मी येऊन भेटेपर्यंत काही सांगू नका. माझा इथं रोजचा वावर आहे. मी सगळं व्यवस्थित करतो. दाजींना नमस्कार सांग.

कल्याण

---

सरकारी दवाखाना, नगर
६ नोव्हेंबर २०२५

कल्याण,

अक्षर रेश्माचं आहे, बोलते मी. माझं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. तुझं पत्र मुकादमानं इथं आणून दिलं.

तुझे दाजी सोमवारी दुपारी गेले. नमस्कार सांगता आला नाही.

तुला कुणी नीट सांगितलं नाही म्हणतोस, म्हणून सांगते. आम्ही आठला पोचलो. तुझं घर मोठं आहे. मी निरांजन लावलं, बेलपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "कल्याण, मी लंका. दोन कोयते आलेत बघ तुज्या दारात." म्हटलं, चौथीतली गंमत तुला आठवेल. लगेच सगळ्या घरांतून आवाज यायला लागला, कोयता, कोयता, कोयता. आम्हाला वाटलं, तू पुण्याहून सांगतोयस. दाजी हसले. म्हणाले, "बघ, वळखलं त्यानं. साऱ्या गावाला सांगाया लागला."

मग माणसं धावत आली. आधी वाटलं, बघायलाच येताहेत. दाजींनी हात जोडले. पुढं एक दांडगा पोरगा होता, हॉकीची काठी घेऊन. त्यानं पहिला घाव माझ्या ताटावर घातला. ताट उडालं आणि हात लुळा पडला. अंगद मधे गेला तर त्याला खाली पाडून बरगड्यांवर लाथा घातल्या. रेश्माला केस धरून फाटकावर आपटलं, तिचा कान फाटून कुडी मातीत पडली. ती हे लिहिते आहे आणि थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही.

दाजींना चौघांनी धरलं होतं. एक म्हातारे गृहस्थ, पांढरे बूट घातलेले, सारखे विचारत होते, "कोयता कुठे टाकलास?" दाजी म्हणाले, "टाकला न्हाई सायेब." पुन्हा मारलं. "मग आहे कुठे?" दाजी म्हणाले, "आमीच कोयते हाय. ह्यो एक, त्यो एक. दोन कोयते." ते खरंच सांगत होते, कल्याण. जितकं खरं सांगत होते तितकं मारत होते. "टोळी आहे म्हणतोय स्वतःच्या तोंडानं," असं कुणीतरी ओरडलं. मग डोक्यात मारलं. कवटीचा आवाज नारळ फुटल्यासारखा आला. वरच्या गॅलरीतली एक बाई म्हणाली, "डोक्यात नका मारू," आणि मग ती आत गेली. दाजींनी दोनदा तुझं नाव घेतलं. तोंडात रक्त होतं, कुणाला कळलं नसेल.

अंगद पडल्या पडल्या तुला फोन लावत होता. तीनदा लावला. तू मीटिंगमध्ये होतास, हे मी त्याला समजावलंय. तू तिथं नव्हतास हेच बरं झालं, नाहीतर आम्हाला सोडवायला आला असतास आणि तुलाही मारलं असतं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ते थांबले. दवाखान्यात जमादारांनी विचारलं, "बाई, सावेडीत तुमच्या वळखीचं कोनी हाय का?" तुझं इथं नाव आहे, बागायत आहे, पोरगी शाळेत जाते, हे सगळं डोक्यात आलं. मी म्हणाले, "न्हाई." मग त्यांनी विचारलं, "मंग त्या फाटकाशी कशाला गेल्ता?" 

तू बटण दाबायला गेला असशील आणि मशीन बिघडलं असेल. तसंच ना? तेवढं लिहून पाठव. रात्रंदिवस मी तेवढंच मनात घोकते.

लंका

---

सावेडी
१३ नोव्हेंबर २०२५

आक्का,

मशीन बिघडलं नव्हतं.

मी पुण्याच्या सभागृहात चाळीस माणसांपुढे उभा होतो. भिंतभर पडद्यावर आपली कॉलनी दाखवत होतो. तेवढ्यात घंटा वाजली. लोकांना वाटलं, मी मुद्दाम जमवून आणलंय. पडद्यावर तू आलीस, माणसाच्या दुप्पट मोठी. बेलपुढं तू पदर सारखा केलास. मागे दाजी टोपी काढून उभे होते, जसे मुकादमापुढे उभे राहायचे तसे. माझ्या शेजारच्यानं विचारलं, "कोण हे लोक?" मी म्हणालो, "कल्पना नाही."

हिरवं बटण माझ्या हातातल्या मोबाईलवर होतं, अंगठ्याखाली. दाबलं असतं तर पडद्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव आलं असतं: ओळखीचे, कल्याण यांचे. चाळीस जणांनी आणि छत्तीस घरांनी ते वाचलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आपोआप थांबेल, कुणीतरी विचारपूस करेल. ओंकारनं हॉकी उचलली तेव्हा मी लोकांना सांगत होतो, "बघा, चार मिनिटांत माणसं जमली." कुणीतरी टाळी वाजवली. अंगदचा फोन तीनदा आला, मी तीनदा कापला. मग पडदा बंद केला, पण मोबाईल चालू ठेवला. मी शेवटपर्यंत बघत होतो. दाजींनी माझं नाव दोनदा नाही, पाचदा घेतलं. बेलला नीट ऐकू आलं, मलाही आलं.

अकरा मिनिटं होती, आक्का.

आणि तो शब्द. धोक्याच्या शब्दांची यादी मीच केली. चोर, आग, मदत, साप असे बावीस शब्द सगळ्यांनी सुचवले होते. तेविसावा मी घातला. बाकीच्यांना पोरांच्या हातातल्या कोयत्याची भीती होती. मला दुसऱ्या कोयत्याची होती, जो एक दिवस ट्रकमधून उतरून माझ्या फाटकाशी उभा राहील.

मागच्या पत्रात मी तुला खोटं विचारलं, तुम्ही आला होता का म्हणून. तेव्हा दाजी जिवंत होते. मी येऊ शकलो असतो, दवाखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

परवा पांढऱ्या बुटातले अमृतराव घरी आले. ते म्हणाले, "चित्रण पुसून टाका. तुमचंही नाव त्यात आहे, विसरू नका." मी नाही पुसलं. काल सगळं पोलिसांकडे दिलं. कुणी कधी काय पाहिलं याची नोंद मशीन ठेवतं. त्यात एक ओळ आहे: कल्याण, ८ वाजून १४ मिनिटं, पाहिले, प्रतिसाद नाही. ती त्यांना आपण होऊन दाखवली आणि लिहून दिलं की लंका माझी सख्खी बहीण आहे आणि ती मला ओवाळायला आली होती. ओंकार आणि अमृतरावांसह नऊ जणांना आज नेलं. मलाही बोलावतील. जया मुलीला घेऊन परत माहेरी गेली आहे.

फाटकापाशी तुझं ताट सापडलं. घरात आणून ठेवलंय. मला ते धुवायला होत नाही.

मी काष्टीला येऊ का? तू म्हणशील तिथं उभा राहीन. तू मारलंस तरी चालेल.

कल्याण

---

काष्टी, फडावरून
७ डिसेंबर २०२५

कल्याण,

डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. हे रेश्माकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुझं पत्र अंगदला वाचून दाखवलं नाही. तो कोयता घेऊन सावेडीला निघाला असता आणि मग तुमचं मशीन खरं ठरलं असतं. त्याच्या बरगड्या अजून भरल्या नाहीत, तरी ऊस तोडतो. घाव असा घालतो की बुडखा फुटतो. मी बघते. मीही पहिले चार दिवस तुझ्या मरणाची वाट बघत होते. एवढं तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

परवा जमादार फडावर आले. हातात तुझा कागद होता. सगळ्या टोळीनं तोड थांबवली आणि भोवती उभी राहिली. ते म्हणाले, "बाई, दवाखान्यात तुमी म्हनला, वळखीचं कोनी न्हाई. हा मानूस तर लिहून देतोय, मी सख्खा भाऊ. खरं काय ते सांगा."

मी म्हणाले, "व्हय. वळखीचा हाय. माजा भाऊ हाय."

मला अकरा मिनिटं लागली नाहीत. पण हे तुझ्यासाठी म्हणाले असं समजू नकोस. तू माझा भाऊ नसशील तर त्या फाटकाशी जायला आम्हाला कारणच उरत नाही, आणि तुझे दाजी चोर म्हणून मेले असं होतं. ते चोर नव्हते. मेव्हण्याचं घर बघायला आले होते. तेवढं कागदावर आलं, मी खाली सही केली.

मुकादमानं वहीत आमच्यापुढं आता दीड कोयता लिहिलाय. अंगद-रेश्माचा एक आणि माझा अर्धा. एका हातानं मोळी बांधता येत नाही, म्हणून मी चाऱ्यासाठी वाढे, उसाचे शेंडे, गोळा करते. अर्धा म्हणून मी तुझ्याजवळ राहिले होते, तेव्हा दोन हात होते.

ताट पितळी आहे, काठाला आता चेपलं असेल. पुढच्या दिवाळीत रेश्माला तिच्या भावाला ओवाळायला ते लागेल. धुऊन, नीट बांधून पोस्टानं पाठव.

तू येऊ नकोस.

लंका